वेन्वमधून लोकल पॅकेज काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅप आणि त्याला लागणारी लायब्ररी एकाच मशीनवर लिहिणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. इथे पायथनचं वेन्व (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) आणि पिप (पॅकेज बसवणारं-काढणारं साधन) धरून उत्तरं दिली आहेत, बाकीच्या साधनांचे प्रश्न शेवटाकडे आहेत. उदाहरणात सगळीकडे `दुकान` हे अ‍ॅप आहे आणि `हिशेब` ही शेजारच्या फोल्डरमधली लायब्ररी. कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

१. लोकल पॅकेज म्हणजे नक्की काय? ते काढायचं म्हणजे काय काय काढायचं?

पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक पॅकेज भांडारातून न घेता आपल्याच डिस्कवरच्या फोल्डरमधून बसवलेलं पॅकेज म्हणजे लोकल पॅकेज. ते दोन प्रकारे बसतं. `पिप इन्स्टॉल ../हिशेब` असं दिलं तर त्या घडीच्या कोडची प्रत वेन्वच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये जाते. `पिप इन्स्टॉल -ई ../हिशेब` असं दिलं तर प्रत जात नाही, मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा तेवढा ठेवला जातो. याला एडिटेबल इन्स्टॉल म्हणतात. कोडमध्ये केलेला बदल पुन्हा न बसवता दिसतो, म्हणून डेव्हलपमेंटमध्ये बहुतेक जण हेच वापरतात.

काढताना तीन ठिकाणी बघावं लागतं: वेन्वमधली प्रत किंवा दुवा, प्रोजेक्टच्या फायलींमधली नोंद, आणि मूळ फोल्डरमध्ये बिल्डनं टाकलेला कचरा. पिप यातलं फक्त पहिलं काढतं. 'काढलं तरी परत आलं' या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ उरलेल्या दोहोंत सापडतं.

२. माझं पॅकेज प्रत म्हणून बसलंय की दुवा म्हणून, हे कसं कळणार?

`पायथन -एम पिप लिस्ट -ई` चालवा. या यादीत फक्त एडिटेबल पॅकेजेस येतात आणि नव्या पिपमध्ये शेजारच्या रकान्यात मूळ फोल्डरचा पत्ताही दिसतो. तिथे `हिशेब` नसेल पण साध्या `पिप लिस्ट` मध्ये असेल, तर ती प्रत आहे. ही प्रत लोकल फोल्डरमधून आली की पायपीआयवरून, हे `पिप फ्रीझ` सांगतं: लोकल असेल तर ओळीत नावापुढे `@ फाइल:///` आणि पूर्ण पाथ असतो.

दुवा ठेवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत आणि पुढच्या प्रश्नांत हा फरक लागणार आहे. जुन्या तऱ्हेत साइट-पॅकेजेसमध्ये `हिशेब.एग-लिंक` नावाची छोटी फाइल असते आणि `ईझी-इन्स्टॉल.पीटीएच` मध्ये पाथची एक ओळ. पॅकेजची खरी माहिती मूळ फोल्डरमधल्या `एग-इन्फो` मध्ये राहते. नवी तऱ्हा पेप ६६० या पायथनच्या मानकाची. पिप २१.३ आणि पॅकेज बिल्ड करणाऱ्या सेटअपटूल्स ६४ पासून ती मिळते. तिच्यात साइट-पॅकेजेसमध्येच `डिस्ट-इन्फो` फोल्डर असतो, सोबत 'एडिटेबल' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेली एक `.पीटीएच` फाइल. कोड `एसआरसी` फोल्डरमध्ये नसून थेट मुळाशीच असेल, तर बहुधा एक फाइंडर स्क्रिप्टही दिसते.

३. काढायची सरळ पद्धत कोणती?

वेन्व चालू करा, मग:

`पायथन -एम पिप अनइन्स्टॉल हिशेब`

नुसतं `पिप` न लिहिता `पायथन -एम पिप` लिहायची सवय लावा. नुसतं `पिप` पाथमध्ये जे आधी सापडेल ते असतं आणि ते याच वेन्वचं असेल याची खात्री नसते. शंका असेल तर `पायथन -एम पिप --व्हर्जन` द्या, पिप कुठल्या फोल्डरमधून चाललंय ते तिथेच छापलं जातं.

पहिल्या वेळी `-वाय` लावू नका. पिप आधी 'वुड रिमूव्ह' खाली फायलींची यादी दाखवतं, ती वाचा. एडिटेबल असेल तर यादी दोन-चार ओळींचीच असते: बिन फोल्डरमधली कमांड, `डिस्ट-इन्फो`, एडिटेबलची `.पीटीएच`. तुमच्या मूळ फोल्डरचा पत्ता त्यात कुठेही नसावा. प्रत असेल तर `हिशेब` फोल्डरमधल्या सगळ्या फायली येतात आणि कधीकधी खाली दुसरं शीर्षक दिसतं, 'वुड नॉट रिमूव्ह', म्हणजे हाताने टाकलेल्या असाव्यात असं समजून पिप ज्यांना हात लावणार नाही त्या फायली. ही दुसरी यादी दिसली तर प्रश्न ६ नक्की वाचा.

शेवटी तीच कमांड पुन्हा एकदा चालवा. 'स्किपिंग हिशेब अ‍ॅज इट इज नॉट इन्स्टॉल्ड' आलं की संपलं. जुन्या एग-लिंकखाली आधीची पायपीआयची प्रत दडलेली असू शकते. एका वेळी एकच निघते, म्हणून ही दुसरी फेरी.

४. फोल्डरचा पाथ देऊन बसवलं होतं. तोच पाथ अनइन्स्टॉलला दिला तर 'इनव्हॅलिड रिक्वायरमेंट' का येतं?

अनइन्स्टॉलला पाथ चालत नाही, नाव लागतं. तेही पॅकेजचं, इंपोर्टचं नव्हे. कोडमध्ये `इंपोर्ट हिशेब` असेल पण `पायप्रोजेक्ट.टॉमल` मध्ये नेम म्हणून `दुकान-हिशेब` लिहिलं असेल, तर `दुकान-हिशेब` द्यायचं. हायफन, अंडरस्कोर, टिंब आणि लहान-मोठी अक्षरं यांत पिप फरक करत नाही. नाव आठवत नसेल तर प्रश्न २ मधली यादी काढा.

५. एडिटेबल काढताना माझा मूळ कोड डिलीट होईल का?

नाही. दुवा जातो, मूळ फोल्डर जसाच्या तसा राहतो. गिटच्या पत्त्यावरून `-ई` लावून बसवलं असेल तर वेन्वमधल्या `एसआरसी` फोल्डरात क्लोन झालेला कोडही तसाच राहतो. तो हाताने काढायचा, पण आधी त्यात `गिट स्टेटस` बघून. तिथेच दुरुस्त्या केल्या आणि पुश करायचं राहिलं, असं फार वेळा होतं.

६. अनइन्स्टॉल यशस्वी झालं म्हणतं, तरी इंपोर्ट होतंच आहे! असं कसं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी मॉड्यूल कुठून येतंय ते विचारा:

`पायथन -सी "इंपोर्ट हिशेब; प्रिंट(हिशेब.__फाइल__)"`

आलेल्या पत्त्यावरून कारण कळतं.

पत्ता चालू फोल्डरमधलाच असेल तर इन्स्टॉलचा काही संबंध नाही. पायथन असं चालवलं की चालू फोल्डर शोधयादीत सगळ्यात वर असतो, आणि तुम्ही `हिशेब` च्या रेपोतच उभे आहात. दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बघा, किंवा `पायथन -आय -सी` असं चालवा, इथे आय कॅपिटल. आयसोलेटेड मोडमध्ये चालू फोल्डर, पायथनपाथ (मॉड्यूल शोधायचे जादा फोल्डर सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) आणि यूजरच्या साइट-पॅकेजेस या तिन्ही बाजूला पडतात. इथे 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर वेन्व स्वच्छ आहे.

पत्ता भलत्याच फोल्डरचा असेल तर पायथनपाथ तपासा. एडिटर बऱ्याचदा तो आपल्या सेटिंगमधून टाकतो, त्यामुळे एडिटरच्या टर्मिनलमध्ये इंपोर्ट होतं आणि बाहेर होत नाही. `पायथन -एम साइट` पूर्ण शोधयादी दाखवतं.

पत्त्याच्या जागी 'नन' छापलं गेलं तर प्रकार मजेशीर आहे. पॅकेजचा कोड गेलाय, पण साइट-पॅकेजेसमध्ये `हिशेब` नावाचा फोल्डर उरलाय, कारण त्यात चालवताना तयार झालेली एखादी लॉग फाइल किंवा एसक्यूलाइटचा डेटाबेस होता. पिप फक्त आपल्या रेकॉर्ड फाइलमध्ये नोंदलेल्या फायली काढतं. उरलेल्या फोल्डरला पायथन नेमस्पेस पॅकेज (`__इनिट__` फाइल नसलेलं पॅकेज) समजतं आणि इंपोर्ट बिनतक्रार होतं. मग `हिशेब.बेरीज` म्हटल्यावर 'अ‍ॅट्रिब्यूट एरर' येते आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. `हिशेब.__पाथ__` छापा, तो फोल्डर उघडून बघा आणि डिलीट करा.

जुपिटरमध्ये किंवा आधीपासून चालू असलेल्या सर्व्हरमध्ये मॉड्यूल मेमरीत बसलेलं असतं. कर्नल किंवा प्रोसेस रीस्टार्ट केल्याशिवाय ते जात नाही.

याचंच उलट रूप: `हिशेब` ही कमांड काढली तरी बॅश जुन्या पत्त्यावर जाऊन 'नो सच फाइल' म्हणतो. बॅशनं पत्ता लक्षात ठेवलेला असतो, `हॅश -आर` द्या.

७. आधी सोर्स फोल्डरच डिलीट केला, मग अनइन्स्टॉल करायला गेलो. आता?

नवी तऱ्हा असेल तर काही बिघडलेलं नाही. `डिस्ट-इन्फो` वेन्वमध्येच आहे, प्रश्न ३ ची कमांड नेहमीसारखी चालेल. जुन्या तऱ्हेत पॅकेजची माहिती त्या फोल्डरबरोबरच गेली, म्हणून पिपला पॅकेज सापडतच नाही. तेव्हा हाताने काढा: साइट-पॅकेजेसमधली `हिशेब.एग-लिंक` डिलीट करा, `ईझी-इन्स्टॉल.पीटीएच` एडिटरमध्ये उघडून फक्त त्या पाथची ओळ काढा. अख्खी फाइल उडवू नका, इतर एडिटेबल पॅकेजेसच्या ओळी त्यातच असतात. बिन फोल्डरमध्ये कमांड उरली असेल तर तीही काढा.

फोल्डर फक्त दुसरीकडे हलवला असेल तर नव्या जागेवरून `-ई` लावून पुन्हा बसवा आणि मग हवं तर काढा. `.पीटीएच` मधला पाथ अस्तित्वात नसला तर पायथन काहीही न बोलता पुढे जातो, त्यामुळे फोल्डर हलवल्याची चूक थेट 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणूनच समोर येते.

८. 'नॉट अनइन्स्टॉलिंग… आउटसाइड एन्व्हायर्नमेंट' असं येतंय.

पॅकेज वेन्वमध्ये नाही, सिस्टिमच्या पायथनमध्ये आहे, आणि वेन्वला ते दिसतंय. वेन्वच्या मुळाशी असलेली `पायवेन्व.सीएफजी` उघडा. `इन्क्लूड-सिस्टिम-साइट-पॅकेजेस` पुढे ट्रू असेल तर फॉल्स करा. सिस्टिममधलं पॅकेज सुडो लावून उडवायला जाऊ नका: ते एपीटीसारख्या पॅकेज मॅनेजरनं बसवलेलं असेल तर त्यावर दुसरं काहीतरी अवलंबून असण्याची शक्यता मोठी.

९. `हिशेब` बरोबर आलेली बाकीची पॅकेजेस आपोआप जातात का?

पिपमध्ये जात नाहीत. काढण्याआधी `पिप शो हिशेब` चालवून 'रिक्वायर्स' ची ओळ टिपून ठेवा, कारण काढल्यावर ती माहिती मिळत नाही. मग त्यातल्या प्रत्येकाला `पिप शो` देऊन 'रिक्वायर्ड-बाय' रिकामी आहे का ते बघा. रिकामी असेल आणि `दुकान` चा कोड ते थेट इंपोर्ट करत नसेल, तरच काढा. ही दुसरी अट विसरली जाते: `हिशेब` मुळे आयतं मिळालेलं `रिक्वेस्ट्स` अ‍ॅपमध्येही वापरलेलं असतं, पण कुठे नोंदवलेलं नसतं. शेवटी `पिप चेक`.

१०. काढलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कोण बसवतंय?

नोंद कुठेतरी शिल्लक आहे. रेपोच्या मुळाशी उभं राहून `गिट ग्रेप -एन हिशेब` चालवा आणि `रिक्वायरमेंट्स` नावाच्या सगळ्या फायली, `पायप्रोजेक्ट.टॉमल`, `सेटअप.पीवाय`, मेकफाइल, डॉकरफाइल, सीआयची (सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या बिल्ड-टेस्टची) यॅमल फाइल अशा क्रमानं बघा. टॉक्स (वेगवेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्ट चालवणारं साधन) वापरत असाल तर त्याची वेगळी एन्व्हायर्नमेंट्स `.टॉक्स` मध्ये असतात. नोंद काढल्यावर `टॉक्स -आर` देऊन ती नव्यानं बनवा.

`पिप फ्रीझ` ची फाइल जशीच्या तशी कमिट करणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. प्रत असेल तर ओळीत तुमच्या मशीनचा होम फोल्डरचा पाथ जातो आणि सीआयवर बिल्ड पडतं. एडिटेबल असून फोल्डर गिट रेपोत असेल आणि त्याला रिमोट असेल, तर ओळ गिटच्या पत्त्याची आणि कमिटची होते. मग सहकाऱ्याच्या मशीनवर ते ठरावीक कमिट बसत राहतं, आणि तुम्ही तुमच्याकडून काढून बसलेले असता. `पिप फ्रीझ --एक्सक्लूड-एडिटेबल` दुसरा त्रास टाळतं, पहिला नाही.

११. पिपऐवजी पोएट्री किंवा यूव्ही ही पॅकेज सांभाळणारी साधनं वापरत असू तर?

मग पिपला मध्ये घेऊ नका. पिपनं काढलं तर लॉक फाइलला (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल) ते कळत नाही आणि पुढचा सिंक पॅकेज परत आणतो.

पोएट्रीत `पोएट्री रिमूव्ह हिशेब`. ही एकच कमांड टॉमलमधली नोंद, लॉक आणि वेन्व तिन्ही आवरते. टॉमलमधली ओळ हाताने काढली असेल तर `पोएट्री लॉक` आणि मग `पोएट्री सिंक`. जुन्या आवृत्तीत `पोएट्री इन्स्टॉल --सिंक`.

यूव्हीत `यूव्ही रिमूव्ह हिशेब`. `टूल.यूव्ही.सोर्सेस` मधली पाथची ओळही त्याबरोबर जाते. `हिशेब` वर्कस्पेसचा सदस्य असेल तर मेंबर्सच्या यादीतून नाव वेगळं काढावं लागतं. यूव्हीनं बनवलेल्या वेन्वमध्ये मुळात पिप नसतं. नुसतं `पिप अनइन्स्टॉल` लिहिलं तर ते बाहेरच्या कुठल्या तरी पायथनचं पिप असतं आणि 'इन्स्टॉल्डच नाही' म्हणतं. अशा वेळी `यूव्ही पिप अनइन्स्टॉल`.

१२. लोकल काढून पायपीआयवरची अधिकृत आवृत्ती हवी आहे. `पिप इन्स्टॉल हिशेब` दिलं तर 'ऑलरेडी सॅटिस्फाइड' म्हणतं.

कारण नाव जुळतंय आणि तुम्ही दुसरी कुठली आवृत्ती मागितलेली नाही. कोड कुठून आला याचा विचार पिप इथे करत नाही. आधी प्रश्न ३ प्रमाणे काढा, मग आवृत्तीसकट बसवा: `पिप इन्स्टॉल हिशेब==१.४.०`. `--अपग्रेड` वर विसंबू नका. लोकल आवृत्ती `२.०.डेव्ह०` असेल आणि पायपीआयवर `१.४.०`, तर पिपच्या लेखी लोकलच पुढची ठरते.

त्याआधी मात्र एक तपासा: पायपीआयवरचं `हिशेब` तुमचंच आहे का? कंपनीच्या आतल्या लायब्ररीचं नाव बाहेर कुणीही घेऊ शकतं. लोकल दुवा काढला की पिप त्याच नावाचं बाहेरचं पॅकेज निमूटपणे आणतं. २०२१ च्या सुरुवातीला डिपेन्डन्सी कन्फ्यूजन या नावानं हा हल्ला सगळीकडे गाजला. आतला इंडेक्स असेल तर तो `--इंडेक्स-यूआरएल` नं द्या. `--एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल` मध्ये दोन्ही इंडेक्स सारख्याच मानाचे असतात आणि मोठी आवृत्ती जिंकते.

१३. मॉड्यूल मी सोर्समधूनच काढून टाकलं, पुन्हा बसवलं, तरी ते वेन्वमध्ये येतंच आहे.

मूळ फोल्डरमधला `बिल्ड` फोल्डर बघा. पिप २१.३ पासून लोकल पॅकेज जागेवरच बिल्ड होतं. सेटअपटूल्स `बिल्ड/लिब` मध्ये फायली टाकतं, पण सोर्समधून गेलेल्या फायली तिथून पुसत नाही, आणि तिथे जे असेल ते व्हीलमध्ये, म्हणजे बसवायच्या तयार पॅकेजमध्ये, जातं. `बिल्ड` आणि `एग-इन्फो` दोन्ही डिलीट करून मग बसवा.

१४. विंडोजवर 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' येऊन अर्धवटच निघतं.

`हिशेब.ईएक्सई` किंवा एखादी `.पीवायडी` फाइल वापरात आहे. सर्व्हर, जुपिटर आणि एडिटरचा पायथन इंटरप्रिटर बंद करून पुन्हा प्रयत्न करा. नंतर प्रत्येक कमांडला 'इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्यूशन' असा इशारा येऊ लागला, तर साइट-पॅकेजेसमध्ये पहिल्या अक्षराच्या जागी `~` असलेले फोल्डर शोधा. काढताना पिप मूळ फोल्डरचं तसं नाव बदलतं आणि मधेच अडखळलं की ते तसेच राहतात. डिलीट केले तरी चालतात.

१५. डॉकर इमेजमधून काढायचं असेल तर?

डॉकरफाइलमध्ये शेवटी `रन पिप अनइन्स्टॉल` ची ओळ जोडू नका. वरच्या थरात पॅकेज झाकलं जातं, खालच्या थरात `कॉपी` नं आलेला कोड तसाच राहतो: इमेजचा आकारही कमी होत नाही आणि त्यात एखादी गुप्त की असेल तर ती काढून घेता येते. `कॉपी` आणि इन्स्टॉलच्या मूळ ओळीच काढा आणि इमेज पुन्हा बनवा. वेन्व व्हॉल्यूममध्ये ठेवलं असेल तर नव्या इमेजवर जुनंच व्हॉल्यूम चढतं. `डॉकर कंपोज डाउन -व्ही` नं ते जातं, पण डेटाबेसचं व्हॉल्यूमही त्याच कंपोज फायलीत असेल तर तेही जाईल.

१६. कॉन्डा हा दुसरा पॅकेज मॅनेजर वापरतो. कॉन्डा म्हणतं पॅकेजच नाही, पण `कॉन्डा लिस्ट` मध्ये तर दिसतंय!

चॅनेलच्या रकान्यात `पायपीआय` असेल तर ते पिपनं बसवलंय. कॉन्डा ते दाखवतं, काढत नाही. त्याच एन्व्हायर्नमेंटचं पिप वापरा. `कॉन्डा डेव्हलप` नं जोडलं असेल तर `कॉन्डा डेव्हलप -यू` आणि फोल्डरचा पाथ. इथे नाव नाही, पाथच लागतो.

१७. एवढा खटाटोप कशाला? वेन्व उडवून नवं बनवलं तर?

नोंदी आधी साफ केल्या असतील तर खुशाल उडवा, पाच मिनिटांत काम होतं. लॉक फाइल असलेल्या प्रोजेक्टमध्ये आमचा सल्ला हाच. पण लॉक फाइल नसेल तर नव्या वेन्वमध्ये बाकीच्या पॅकेजेसच्याही नव्या आवृत्त्या येतील आणि मग काय कशामुळे मोडलं ते कळणार नाही. तिथे एक-एक काढलेलं बरं.

१८. एनपीएम लिंक आणि हास्केलच्या कबाल सँडबॉक्सचं काय?

जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये दुवे दोन असतात. `दुकान` मध्ये `एनपीएम अनलिंक --नो-सेव्ह हिशेब` दिलं की इकडचा जातो. ग्लोबल फोल्डरमधला राहतो, त्याला `एनपीएम आरएम -जी हिशेब`. त्यानंतर `एनपीएम इन्स्टॉल` दिलं की पॅकेज.जेसनमध्ये असलेली आवृत्ती परत येते.

कबालमध्ये पिपच्या नेमकं उलट आहे. `कबाल सँडबॉक्स डिलीट-सोर्स` फक्त फोल्डरची नोंद काढतं, आधी बिल्ड होऊन सँडबॉक्सच्या पॅकेज डेटाबेसमध्ये गेलेली प्रत तशीच राहते आणि पुढच्या बिल्डला तीच वापरली जाऊ शकते. ती काढायला `कबाल सँडबॉक्स एचसी-पीकेजी -- अनरजिस्टर हिशेब`. दुसऱ्या एखाद्या पॅकेजचा तिच्यावर भार असेल तर ही कमांड अडते. आधी ते पॅकेज अनरजिस्टर करा, मग हे. नव्या कबालमध्ये सँडबॉक्सच नाही. तिथे `कबाल.प्रोजेक्ट` फाइलमधल्या पॅकेजेसच्या यादीतून `../हिशेब` ची ओळ काढायची आणि पुन्हा बिल्ड करायचं.